शंभुनाथ डे यांना आज प्रमोशन मिळालं असतं का?

१९५९ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख छापून आला. लेखक एकच. एस. एन. डे, कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवणारे डॉक्टर. विषय कॉलरा.

समजा हे डॉ. डे आज एखाद्या मेडिकल कॉलेजात असते आणि लेख आल्यावर तीन-चार वर्षांनी प्रमोशनच्या मुलाखतीला गेले असते. समितीपुढे त्यांची फाईल. आता गंमत बघा. जर्नलचं नाव बघितलं तर डॉक्टर पहिल्या नंबरने पास. पण 'या लेखाचा आधार इतर किती संशोधकांनी घेतला?' असं विचारलं तर नापास, कारण पहिली काही वर्षं त्या लेखाची फारशी कुणी दखलच घेतली नव्हती. आणि 'एच-इंडेक्स किती?' विचारलं, तर हा लेख कितीही थोर असला तरी त्या आकड्यात तो एकापेक्षा जास्त भर घालूच शकत नाही.

म्हणजे माणूस तोच, काम तेच, मोजपट्ट्या तीन. आणि त्या दोन पानांत लिहिलंय काय, हे त्यातली एकही मोजपट्टी सांगत नाही.

तर आज या मोजपट्ट्यांचा इतिहास. त्या आल्या कुठून, कशासाठी होत्या आणि आपल्याकडे येऊन त्यांचं काय झालं. विषय प्राध्यापक मंडळींचा वाटेल, पण तसा नाहीये. तुमच्या-माझ्या घरचं पेशंट ज्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर तपासणार आहेत, ते शिक्षक कसे निवडले जातात याचा हा प्रश्न आहे.

आधी डॉ. डे यांनी काय केलं ते बघू

रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यात आला आणि कॉलऱ्याच्या रोग्यांमध्ये त्याला त्या जंतूची खात्री पटली. हा जंतू काहीतरी विष तयार करत असणार, असा कॉखचा अंदाज होता. पुढची ७० वर्षं जगभरचे लोक ते विष शोधत राहिले. बहुतेकांची पद्धत अशी, की मेलेल्या जंतूंचा अर्क काढायचा आणि प्राण्याच्या रक्तात टोचायचा. प्राणी आजारी पडायचा, मरायचाही, पण कॉलरा काही व्हायचा नाही.

डॉ. डे यांनी साधा विचार केला. कॉलऱ्यात रोग्याच्या आतड्यातून पाणी वाहून जातं. मग आपण रक्तात कशाला शोधतोय? आतड्यात बघूया की! त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पिशवीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पिशवी पाण्याने टम्म. हे काम त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९५३ मध्ये छापलं. पुढची पायरी म्हणजे १९५९ चा लेख. जंतू ज्या द्रवात वाढवले तो गाळून घेतला, त्यात एकही जिवंत जंतू ठेवला नाही आणि तो गाळीव द्रव आतड्यात सोडला. तरीही पाणी सुटलं! म्हणजे जंतू विष बाहेर सोडतो आणि आतडं पाणी टाकतं ते त्या विषामुळे. साधनं काय? ससा, दोरा, गाळणी आणि डोकं.

इथे आपल्या मुंबईचंही नाव घ्यायला हवं. त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधल्या एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉलऱ्याच्या विषाबद्दल स्वतंत्रपणे असंच दाखवून दिलं होतं. दत्ता, पानसे, कुलकर्णी. ही नावं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलीत?

दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेत फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि मग या विषयाला पूर आला. कॉलऱ्यात आतडं जळत-सडत नाही, ते फक्त पाणी आणि क्षार टाकत राहतं, हे जसजसं पक्कं झालं तसतसं 'मग गेलेलं पाणी आणि क्षार तोंडावाटे परत द्या' या उपचाराचा पायाही भक्कम झाला. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं पाकीट ते हेच.

आता मोजपट्टीकडे

संशोधनातले संदर्भ मोजायची कल्पना आली वकिलांकडून. १८७३ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या फ्रँक शेपर्डने एक धंदा सुरू केला. कुठल्या जुन्या निकालाचा हवाला पुढे कुठल्या निकालात दिला गेला, तो निकाल कायम राहिला की फिरवला गेला, याची यादी करून वकिलांना विकायची. वकिलाला ते फार गरजेचं. कोर्टात उभं राहून ज्या निकालावर आपण भिस्त ठेवलीय तो मागेच रद्द झालेला निघाला, तर शोभा होते.

पुढे १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांनी वेगळीच मोजणी केली. रसायनशास्त्राच्या एका प्रमुख अमेरिकन जर्नलच्या एका वर्षाच्या अंकांत कुठल्या जर्नल्सचे संदर्भ किती वेळा आले ते त्यांनी मोजलं. कशासाठी? तर कॉलेजच्या लायब्ररीचं बजेट तोकडं, मग कुठली जर्नल्स घ्यायची हे ठरवायला. लक्षात ठेवा, मोजलं ते कपाट भरण्यासाठी. कुणाची बढती ठरवण्यासाठी नाही.

मग आला या गोष्टीचा मुख्य माणूस, यूजीन गारफिल्ड. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय लायब्ररीत कामाला होता. वैद्यकीय लेखांचा ढीग वाढत चाललेला, आणि त्यातून हवं ते यंत्राच्या मदतीने कसं शोधायचं हा त्यांचा प्रकल्प. शेपर्डच्या कंपनीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रातून त्याला वकिलांची युक्ती कळली. १९५५ मध्ये त्याने 'सायन्स'मध्ये लेख लिहून मांडलं, की विज्ञानालाही अशी सूची हवी. एखाद्या लेखावर पुढे कुणी टीका केली, तो खोटा ठरला का, त्यावर कुणी इमला चढवला, हे वाचणाऱ्याला एका जागी कळावं. म्हणजे गारफिल्डला हवा होता विचारांचा माग काढणारा खोजी. माणसं तोलणारा तराजू त्याच्या डोक्यात नव्हता.

१९५९ मध्ये, म्हणजे डॉ. डे यांचा लेख आला त्याच वर्षी, गारफिल्डला जोशुआ लेडरबर्गचं पत्र आलं. हा जनुकशास्त्रज्ञ, आदल्याच वर्षी नोबेल मिळालेला. त्याने विचारलं, तुमच्या त्या सूचीचं पुढे काय झालं? लेडरबर्गच्या पाठिंब्याने सरकारी पैसा मिळाला, प्रयोग झाला आणि साठीच्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. पहिल्या फेरीत १९६१ ची ६१३ जर्नल्स आणि त्यातले सुमारे १४ लाख संदर्भ.

इतक्या जर्नल्समधून सूचीत कुठली घ्यायची, हे ठरवायला गारफिल्ड आणि त्याचा सहकारी आयर्व्हिंग शेर यांनी एक आकडा वापरला. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले, भागिले त्या दोन वर्षांत किती लेख छापले. झाला इम्पॅक्ट फॅक्टर! पुन्हा तेच, जर्नल निवडायचं साधन. १९७५ पासून हे आकडे दरवर्षी छापून येऊ लागले आणि तिथून चित्र पालटलं. जर्नलचा आकडा हळूहळू लेखकाच्या छातीवर बिल्ल्यासारखा लागला.

सरासरीची गंमत

इम्पॅक्ट फॅक्टर ही सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चाळीतल्या एकाला लॉटरी लागली तर चाळीचं सरासरी उत्पन्न वाढतं, बाकीच्यांच्या घरी आमटी तेवढीच पातळ राहते. जर्नल्सचंही तसंच. थोड्या लेखांना भरमसाट संदर्भ मिळतात, उरलेल्यांना जेमतेम. पेर सेग्लेन या नॉर्वेच्या संशोधकाने १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे नीट समजावून सांगितलं होतं, की जर्नलच्या आकड्यावरून त्यातल्या एका लेखाची किंमत करू नका.

आणि संदर्भ जास्त म्हणजे काम थोर, असंही नाही. जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला लेख म्हणजे ऑलिव्हर लॉरीचा १९५१ चा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा. तीन लाखांहून जास्त वेळा त्याचा हवाला दिला गेलाय. का? तर प्रयोगशाळेत ज्याने ज्याने प्रथिनं मोजली, त्याने त्याने तो लिहिला. हा काही आपला थोर लेख नव्हे, असं लॉरीने स्वतःच नमूद करून ठेवलंय. पाककृतींच्या पुस्तकात 'चवीपुरतं मीठ' हे शब्द सगळ्यात जास्त वेळा येतात, म्हणून मीठ ही काही सर्वश्रेष्ठ पाककृती होत नाही.

पुढे २००५ मध्ये होर्गे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स आणला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ आहेत त्याचा एच दहा, वीस लेखांना किमान वीस असतील तर वीस. हिशोब सोपा, एका आकड्यात माणूस बसतो, म्हणून सगळ्यांना आवडला. पण या आकड्यात वय लपलेलं आहे. तो वाढतो, कमी कधीच होत नाही. विषयही लपलेला आहे. कॅन्सरवर हजारो लोक काम करतात, त्यांना एकमेकांचे संदर्भ भरपूर. सर्पदंशावर मोजके लोक काम करतात, त्यांचा एच तेवढाच राहणार. मग आपल्या खेड्यापाड्यातल्या साप चावलेल्या माणसाचं मरण कमी महत्त्वाचं ठरतं का? आणि ज्याने आयुष्यात पाचच लेख लिहिले त्याचा एच पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या पाचांनी जग हलवलेलं का असेना.

डॉ. डे यांचं पुढे काय झालं?

भारतात काही नाही. कुठला मोठा सन्मान नाही, आपल्या विज्ञान अकादम्यांची फेलोशिप नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. आणि १९७८ मध्ये स्वीडनहून बोलावणं आलं. कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादात बोलायला या. तिथे बोलताना ते म्हणाले, की साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी मेलेलाच होतो, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत आणि तुमच्यात दोन दिवस राहून मी परत जिवंत होतोय असं वाटतंय. हसतहसत म्हटलं असेल, पण वाचताना घशात आवंढा येतो. लेडरबर्गने, हो, त्याच लेडरबर्गने, त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं होतं. नोबेल मिळालं नाही. १९८५ मध्ये डॉ. डे गेले.

आणि १९८६ मध्ये गारफिल्डने आपल्या साप्ताहिक सदरात डॉ. डे यांच्यावर लिहिलं. संदर्भांच्या सूचीतून त्याने कॉलरा संशोधनाचा नकाशा काढला, कुठला लेख कशावर उभा आहे याचा माग घेत मागे गेला आणि कलकत्त्याच्या त्या दोन पानांपाशी पोचला. सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेला हा लेख आता कॉलऱ्याच्या इतिहासातला मैलाचा दगड मानला जातो, असं त्याने लिहून ठेवलं. चार वर्षांनी, १९९० मध्ये, बंगळुरूच्या 'करंट सायन्स'ने डॉ. डे यांच्यावर विशेषांक काढला.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. संदर्भ मोजणाऱ्या यंत्रानेच डॉ. डे यांना न्याय दिला. म्हणजे मोजणी वाईट नाही! पण गारफिल्डने काय केलं ते बघा. त्याने मोजलं आणि मग वाचलं. आकडा त्याला दारापर्यंत घेऊन गेला, आत तो स्वतः शिरला. आपल्या समित्या दारावरची पाटी वाचून परत फिरतात.

आपल्याकडची पटपडताळणी

महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०११ ची शाळांची पटपडताळणी आठवा. अनुदान आणि शिक्षकांची पदं पटावर ठरतात, म्हणून पट फुगला. कागदावर पोरं, बाकावर कुणी नाही. पट हा आकडा मुळात वाईट नव्हता, किती मुलं शिकतात हे कळायलाच हवं. पण पैसा त्या एका आकड्याला बांधला की आकडा वाढतो, पोरं वाढत नाहीत.

संशोधनात अगदी हेच झालं. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. इतके लेख, इतके गुण. तिकडे मेडिकल कौन्सिलने वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी लेखांची अट घातली, आणि २०१५ च्या परिपत्रकात बारकावे ठरवून दिले. मूळ संशोधनच हवं, लेखक पहिला किंवा दुसराच हवा, निवडक सूचींमधलंच जर्नल हवं, आणि फक्त इंटरनेटवर निघणारं जर्नल चालणार नाही. जगातली उत्तमोत्तम जर्नल्स कागद सोडून नेटवर चालली होती, तेव्हा! दहा जणांनी मिळून केलेल्या कामात तिसऱ्या नंबरच्या माणसाची मेहनत शून्य. मग भांडणं कशावर? प्रयोगावर नाही, नावाच्या क्रमावर.

दिवसाला दोन-दोनशे पेशंट बघणाऱ्या, वर लेक्चरं घेणाऱ्या शिक्षकाला वेळ नाही, प्रयोगशाळा नाही, निधी नाही, पण लेख हवा. मागणी आली की पुरवठा येतोच. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशी दुकानं गल्लोगल्ली उघडली. यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली, तर दुकानं यादीतच शिरली. हे चव्हाट्यावर आणलं ते पुण्याच्या लोकांनी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठांनी यादीत घुसवलेल्या जर्नल्सचा नमुना तपासला. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त साध्या निकषांवरही टिकली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली. मग पुणे विद्यापीठाच्याच मदतीने 'केअर' नावाची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. याद्या येतात, याद्या जातात. लेख उघडून वाचायची वेळ मात्र येत नाही.

मग मोजणी बंदच करायची का?

नाही. मोजलंच नाही तर वशिला मोकाट सुटतो. 'आमचा माणूस' हा निकष कुठल्याही एच-इंडेक्सपेक्षा वाईट. मोजणीमुळेच काही उघडीनागडी सत्यं कळतात. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशोब मांडला. त्यातल्या ३३२ संस्थांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त संस्थांनी, दहा वर्षांत एकही संशोधन लेख छापला नव्हता. एकही! हे मोजल्याशिवाय कळलं असतं का? संस्थेची, राज्याची, देशाची तब्येत बघायला आकडा उपयोगी थर्मामीटर आहे. ताप आहे एवढं तो सांगतो. मलेरिया की टायफॉईड हे बघायला डॉक्टरच लागतो.

एका माणसाचं मोल ठरवताना मात्र वाचायलाच हवं. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीशास्त्रज्ञांच्या बैठकीतून 'डोरा' नावाचा जाहीरनामा निघाला, त्याचा गाभा हाच: जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नेमणुकीत आणि बढतीत वापरू नका, कामाचा मजकूर बघा. गारफिल्डही शेवटपर्यंत सांगत राहिला, की इम्पॅक्ट फॅक्टर अणुऊर्जेसारखा आहे, चांगल्या हातात चांगला, नाहीतर अनर्थ.

आपल्याकडे करायचं ठरवलं तर अवघड नाही. उमेदवाराने सगळी यादी द्यावी, पण त्यातले आपले सर्वांत चांगले तीन लेख निवडावेत. समितीतल्या त्या विषयाच्या दोन माणसांनी ते वाचावेत आणि प्रत्येकावर अर्धं पान सही करून लिहावं: यात नवं काय, खरं किती, उपयोग कुणाला. ते अर्धं पान जाहीर असावं. जो उत्तम शिकवतो आणि पेशंट बघतो, त्याला बोगस लेख छापायला न लावता त्याच कामावर बढती मिळावी. खर्च किती? थोडा वेळ आणि सही करायची हिंमत. आकडा समित्यांना प्रिय आहे तो यासाठीच, आकड्याखाली कुणाला सही करावी लागत नाही.

ओआरएसचंच बघा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यावरचा त्यांचा लेख छापून आला १९७३ मध्ये. मधली दोन वर्षं डॉक्टरांच्या खात्यावर या कामाचा एकही संदर्भ नव्हता. वाचलेली माणसं मात्र छावणीतून चालत बाहेर पडली होती. ती कुठल्या रकान्यात धरायची?

मेडिकल आणि विद्यापीठातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या बढतीच्या वेळी समितीतल्या कुणी तुमचा एक तरी लेख उघडून वाचला होता का? कमेंटमध्ये नक्की लिहा. संस्थेचं नाव नको, फक्त हो की नाही एवढंच.